शिसे, नेमबाजी आणि तुझ्या वडिलांचा प्रश्न

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. परदेशात शिशाच्या दारूगोळ्यावर निर्बंध येत असतील तर मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, एअर रायफलसाठी एवढा पैसा घालावा का, हा तुझ्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो: घालावा. कारणे पुढे येतील. परंतु त्याच पत्रात तू लिहिले आहेस की पर्यावरणवाद्यांना आपला खेळच बंद पाडायचा आहे आणि सगळ्या नेमबाजांनी एकजुटीने त्यांना विरोध केला पाहिजे. हे मत तुझ्या स्वतःच्या विचारातून आलेले नसून रेंजबाहेर चहा पिताना कानावर पडलेले असावे, अशी मला शंका आहे. ते मला पटत नाही, आणि तुझ्या वयाच्या नेमबाजांनी ते धरून ठेवले तर नुकसान खेळाचेच होईल असे वाटते, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

प्रथम निर्बंध कशावर आले आहेत ते पाहा. अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास देशभर मनाई केली. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली आणि २०२४ पासून शिकारी रायफलच्या शिशाच्या गोळ्याही बंद केल्या. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्याची शिकार शिशाने करता येत नाही, कारण मारलेल्या जनावरांच्या अवशेषांतले शिशाचे कण काँडॉर या गिधाडासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या पोटात जात होते. युरोपीय संघाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत आणि त्यांच्या आसपास शिशाचे छर्रे झाडण्यास बंदी केली. त्याही पुढे जाऊन शिकार, मासेमारीची वजने आणि मैदानावरील नेमबाजी या तिन्हींना कवेत घेणारा प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेने २०२१ मध्ये मांडला आणि आजचा वाद मुख्यतः त्या प्रस्तावावरून पेटलेला आहे. यातला बहुतेक भाग शिकारीचा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी केलेली असल्यामुळे युरोपातला शिकारी ज्या त्वेषाने या विषयावर भांडतो तो त्वेष उसना घेण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. आपले शिसे रेंजच्या हद्दीत पडते आणि ते गोळा करता येते. या वादात भारतीय नेमबाजाची बाजू भक्कम आहे ती एवढ्याच एका गोष्टीमुळे. ते गोळा केले नाही तर ती बाजूही उरत नाही.

शिशाचा हिशेब प्रत्येक प्रकारात वेगळा असतो, आणि तो ठाऊक नसताना लोक 'नेमबाजी' असा एकच शब्द वापरून भांडतात. तुझे एअर रायफलचे पेलेट, म्हणजे ती छोटी गोळी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे साठ शॉटच्या सामन्यात तू तीस ग्रॅमच्या थोडे वर शिसे वापरतेस आणि ते सगळे दहा मीटरवर टार्गेटमागे असलेल्या पेटीत जाऊन पडते. पन्नास मीटर प्रकारात .२२ (इंच व्यासाच्या नळीच्या रायफल) ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते. साठ शॉटचे दीडशे ग्रॅमहून थोडे अधिक होतात आणि तेही मागच्या बांधात किंवा पेटीत अडते. ट्रॅपमध्ये, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या छऱ्यांनी फोडण्याच्या प्रकारात, मात्र एका काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात. १२५ चकत्यांना एकेकच काडतूस धरले तरी तीन किलो शिसे झाले, आणि चुकलेल्या चकतीवर दुसरे काडतूस झाडण्याची मुभा असते ती वेगळीच. एका ट्रॅप नेमबाजाच्या एका सामन्यातले शिसे तुझ्या एका सामन्याच्या जवळपास शंभरपट असते आणि ते बारीक छऱ्यांच्या रूपाने दोनशे मीटरपर्यंतच्या गवतात, मातीत, कधी पाण्यात विखुरते.

पाण्यात विखुरले म्हणजे काय होते, हे ठाणे खाडीच्या काठी राहणाऱ्या माणसाने तरी समजून घ्यायला हवे. सायप्रसमध्ये लार्नाका नावाच्या शहराशेजारी खारे सरोवर आहे आणि हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरतात. त्या सरोवराच्या उत्तर टोकाला पूर्वी नेमबाजीची रेंज होती. २००३ मध्ये तिथले फ्लेमिंगो शिशाच्या विषबाधेने मोठ्या संख्येने मेले; रेंज बंद झाली, तळातले छर्रे काढण्याचे कामही झाले. तरीही २०२० च्या सुरुवातीला पुन्हा कित्येक फ्लेमिंगो तशाच विषबाधेने मेलेले सापडले. आदल्या हिवाळ्यातल्या जोरदार पावसाने तळाचा गाळ ढवळला गेला आणि त्यात रुतलेले छर्रे वर आले, असे कारण तेव्हा दिले गेले. अन्न दळण्यासाठी हे पक्षी बारीक खडे गिळतात आणि खडा व छर्रा यांतला फरक त्यांना कळत नाही. आपल्या खाडीतल्या फ्लेमिंगोंची संकटे वेगळी आहेत, ती बहुतांशी भरावाची आणि अडवलेल्या भरतीच्या पाण्याची आहेत. पण ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेला असताना, ऐरोलीच्या पुलावरून दर हिवाळ्यात ते गुलाबी थवे पाहणाऱ्या नेमबाजाने 'पक्ष्यांचे काय एवढे' असे म्हणावे हे शोभत नाही. रेंज बंद पडल्यावर सतरा वर्षांनीही तिथले शिसे पक्षी मारू शकते, यात पर्यावरणवाद्यांची अतिशयोक्ती कुठे आहे ते तूच मला दाखव.

आता खेळाडूच्या बाजूने. शिसे आपण हट्टाने वापरत नाही. ते जड आहे, त्याची घनता ११.३ आहे, म्हणजे लोखंडाच्या जवळपास दीडपट. शिवाय ते मऊ असल्यामुळे नळीतल्या आट्यांना सहज धरते आणि नळीला इजा करत नाही. शिशाऐवजी कथिलाच्या मिश्रधातूचे पेलेट मिळतात, पण कथिलाची घनता ७.३ असल्यामुळे ते हलके असतात, वेगाने जातात आणि एका डबीतून दुसऱ्या डबीपर्यंत सारखेपणा राखणे त्यांना आजवर अवघड गेले आहे. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचे टिंब अर्ध्या मिलिमीटरचे असते. पनवेलला प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० गुण केले तेव्हा चाळीसच्या चाळीस पेलेट त्या टिंबाला लागले होते. अशा ठिकाणी पेलेटच्या वजनातला केसभर फरकही दिसून येतो. .२२ मध्ये अडचण याहून मोठी आहे. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम धरण्याच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवले तो प्रकार पूर्णपणे .२२ च्या शिशाच्या गोळीवर उभा आहे, आणि त्या गोळीला तोडीस तोड असा बिनशिशाचा पर्याय अजून आलेला नाही. ट्रॅपसाठी पोलादी छर्रे आहेत, त्यांनी चकती फुटतेही, पण ते हलके असल्याने थोडे मोठे घ्यावे लागतात आणि जुन्या बंदुकांच्या नळ्यांना ते मानवतीलच असे नाही. हे सगळे खरे आहे आणि नेमबाजांनी ते ठामपणे मांडलेच पाहिजे.

एक गोष्ट मात्र आपल्या लोकांच्या बोलण्यात कधी येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मीटरच्या पेलेटसाठी 'शिसे किंवा अन्य मऊ पदार्थ' अशी मोकळीक आधीपासून आहे. उद्या चांगले बिनशिशाचे पेलेट आले तर तुझ्या प्रकारात एकही नियम बदलावा लागणार नाही आणि तुझ्या रायफलची ४.५ मिलिमीटरची नळीही तीच राहील. वडिलांना हे आवर्जून सांग.

आपल्यावर परिणाम होणार आहे तो दुसऱ्या वाटेने. आपले चांगले पेलेट आणि .२२ ची मॅच काडतुसे जर्मनी, चेक प्रजासत्ताक, इंग्लंड इथून येतात. या कारखान्यांनी तिकडच्या बाजारासाठी धातू बदलला, तर घोडबंदर रस्त्यावरच्या रेंजवर मिळणारी डबीही बदलेल, मग दिल्लीत त्याबद्दल कायदा झालेला असो वा नसो. दिल्लीही कायम स्वस्थ बसेल असे समजू नकोस; पेट्रोलमधले शिसे २००० मध्ये गेले, घरगुती रंगातल्या शिशाला दशलक्ष भागांत नव्वद भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी घातली.

इंग्लंडचे उदाहरण तुला मुद्दाम सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या शिकार-नेमबाजी क्षेत्रातल्या नऊ संघटनांनी आपण होऊन जाहीर केले की पाच वर्षांत आम्ही छऱ्यांतले शिसे सोडू, कायद्याची गरज नाही. पाचवा हंगाम संपत आला तेव्हा संशोधकांनी बाजारात विकले जाणारे फेझंट हे शिकारीचे पक्षी तपासले, तर त्यांपैकी ९९ टक्के शिशानेच मारलेले निघाले. जुलै २०२५ मध्ये सरकारने शिकारीतल्या शिशावर निर्बंध जाहीर केले. पाच वर्षे हातात होती आणि ती दवडली गेल्यावर तक्रार करण्याचा अधिकारही गेला, असे माझे मत आहे. त्यातही तिथे टार्गेट नेमबाजीला अटींसह वाट ठेवली गेली, कारण रेंजवरचे शिसे अडवता आणि मोजता येते, हे तिला दाखवता आले. आपल्याला यातले दुसरे उदाहरण गिरवायचे आहे.

मग तू स्वतः काय करावेस? सुरुवात हातांपासून कर. आपल्या दहा मीटरच्या रेंज बहुधा इमारतीच्या तळघरात किंवा एखाद्या गाळ्यात, वातानुकूलित आणि खिडक्या बंद अशा असतात. एअर रायफलमध्ये .२२ सारखा शिशाचे संयुग असलेला प्रायमर (काडतुसातली दारू पेटवणारा भाग) नसतो, त्यामुळे हवेत उडणारे शिसे फार कमी; पण पेटीवर आपटून झालेली धूळ आणि बोटांना लागणारा करडा थर खरा आहे. पेलेटच्या डबीशेजारी वडापाव ठेवून सराव करणारी मुले मी पाहतो आणि पेलेट ओठांत धरून रायफल भरणारी मोठी माणसेही पाहतो. तू सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस, पाण्याच्या बाटलीचे तोंडसुद्धा हाताळू नकोस. पेटी रिकामी करताना फुंकर मारायची नाही, केरसुणीने झाडायचे नाही. ओल्या फडक्याने पुसायचे आणि ते फडके घरी आणायचे नाही. शूटिंग जॅकेट घरातल्या कपड्यांत टाकू नकोस, विशेषतः तुझा धाकटा भाऊ लहान असल्यामुळे, कारण मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशाचा अपाय सर्वांत जास्त होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सुरक्षित म्हणता येईल अशी रक्तातल्या शिशाची कोणतीही पातळी ज्ञात नाही. आणखी एक गोष्ट प्रशिक्षक मुलींशी बोलायला संकोचतात, म्हणून ती लिहूनच सांगतो: शरीरात गेलेले शिसे हाडांत अनेक वर्षे साठून राहते आणि पुढे गरोदरपणात तिथून रक्तात उतरू शकते. वर्षातून एकदा रक्तातले शिसे तपासून घे. एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत ती तपासणी होते. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी पडू देऊ नकोस, कारण त्यांची उणीव असली की शरीर शिसे अधिक शोषते.

बिनशिशाच्या पेलेटची एखादी डबी मिळाली तर रायफल शिकंजात बसवून दोन्हींचे गट काढून बघ, म्हणजे छिद्रे एकमेकांच्या किती जवळ पडतात ते बघ, आणि टार्गेट जपून ठेव. सामन्यात मात्र तुझे ठरलेले शिशाचेच पेलेट वापर. धोरणाच्या चर्चेसाठी निवड चाचणीतले गुण घालवण्याची गरज नाही. ट्रॅपकडे वळण्याचा तुझा विचार शिशाच्या कारणावरून मी मोडून काढणार नाही, परंतु त्या रेंजवर जाशील तेव्हा छर्रे कुठे पडतात, ते किती काळाने काढले जातात आणि जवळ नाला किंवा तळे आहे का, एवढे विचारल्याशिवाय फी भरू नकोस.

या खेळाला बदल नवा नाही. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. आज चकत्या फुटतात आणि कोणाला त्यात खेळ कमी झाल्यासारखा वाटत नाही. मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेने तर पेलेटच सोडून लेझर घेतले आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून तिथे तेच चालू आहे. आपल्या वाट्याला लेझर येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण रायफलचा खटका सुटल्यानंतरचा तो क्षणभराचा स्थिरपणा प्रकाशाच्या किरणाने शिकवता येत नाही. पण स्पर्धा भरवणाऱ्यांसमोर एका बाजूला शिशाने माखलेली, कोणी साफ न केलेली रेंज आणि दुसऱ्या बाजूला लेझर असे दोनच पर्याय आपण ठेवले, तर ते काय निवडतील ते उघड आहे.

पुढच्या आठवड्यात सरावाला जाशील तेव्हा रेंजच्या व्यवस्थापकांना एक विचार: पेट्यांमधले शिसे जमल्यावर ते कोणाला दिले जाते? परवानाधारक पुनर्चक्रण करणाऱ्याला दिले जात असेल तर पावती दाखवतील. भंगारवाल्याला किलोवर विकले जात असेल, तर ते कुठल्यातरी वस्तीत उघड्या भट्टीवर वितळण्याची शक्यता असते. उत्तर काय मिळाले ते मला कळव. दुसरे उत्तर आले तर तू वाद घालू नकोस, व्यवस्थापकांशी मी बोलेन.

वडिलांना नमस्कार सांग. रायफल घेण्याआधी नळीची तपासणी आणि पेलेटच्या लॉटची चाचणी करूनच पैसे द्यावेत, आणि त्या दिवशी शक्यतो मलाही बोलवावे.

तुझे,
सर