मागच्या खोलीत सेव्ह होतं, काउंटरवर नाही!

प्रश्न : शहापुरात आमचा छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये छापतो. मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचं ‘पत्रिका’ फोल्डर काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर उघडतं. पण मुहूर्ताची वेळ दुरुस्त करून सेव्ह करायला गेलं की परवानगी नाही म्हणतंय. सिक्युरिटी टॅबमध्ये मला फुल कंट्रोल आहे. त्याच नावानं लॉगिन करून मागं जाऊन बसलं की सेव्ह होतंय! शिवाय नव्या पोराला दरपत्रक फक्त वाचायला दिलं होतं, त्यानं आकडेच बदलले. असं कसं? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, ‘मागं जाऊन बसलं की होतंय’ इथंच दुखणं सापडलं बघा. विंडोजमध्ये परवानग्यांच्या दोन चाळण्या असतात. एक शेअरिंगची, दुसरी सिक्युरिटीची, म्हणजे एनटीएफएसची (डिस्कवर फाइली ठेवायची विंडोजची पद्धत). नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतून जावं लागतं आणि बारीक छिद्रांची चाळण ठरवते किती पडायचं ते. मागच्या खोलीत थेट बसलात की शेअरिंगची चाळण मधे येतच नाही. ॲडव्हान्स्ड शेअरिंगमधून फोल्डर शेअर केलं, तर तिथं ‘एव्हरीवन’ला आधीपासून फक्त ‘रीड’ असतं. तिथंच जाऊन तुमच्या नावाला ‘चेंज’ द्या, सेव्ह होईल.

पोराचं गणित उलटं आहे. एकाच चाळणीत माणूस दोन ग्रुपमध्ये असला, तर परवानग्यांची बेरीज होते. ‘कामगार’ ग्रुपला रीड आणि ‘हिशेब’ ग्रुपला मॉडिफाय असेल, तर दोन्हींत असलेल्याला मॉडिफायच मिळणार. त्याला कुणीतरी ‘हिशेब’मध्ये घालून सोडलंय का, ते आधी तपासा. काढल्यावर त्याला एकदा लॉग-ऑफ करून परत लॉगिन करायला लावा. तोवर जुनाच अधिकार चालतो, आणि आपण उगाच सेटिंग चुकलं म्हणून डोकं धरतो.

रागानं ‘डिनाय’वर मात्र टिक मारू नका. मी एकदा मारलीय. एका पतसंस्थेत, ३१ मार्चच्या संध्याकाळी, एका शिकाऊ पोराला अडवायला म्हणून ‘एव्हरीवन’ला डिनाय दिलं. एव्हरीवनमध्ये मॅनेजरसाहेब आले, कॅशियर आले, मीही आलो! एकाच फोल्डरवर डिनाय आणि अलाव दोन्ही थेट दिलेले असले, की डिनाय भारी पडतो. फोल्डरचा मालक मीच होतो म्हणून परवानग्या बदलता आल्या, नाहीतर मॅनेजरसाहेबांनी मला तिथंच बसवून ठेवलं असतं. एखाद्याला द्यायचं नसेल, तर त्याचं नाव यादीत घालायचंच नाही, आणि तो असलेल्या ग्रुपचंही नाही.

सिक्युरिटी टॅबमधल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ टॅब आहे. पोराचं नाव घालून बघा, त्याच्या वाट्याला नेमकं काय येतं ते दिसेल. आणि दरपत्रक पेनड्राइव्हवर ठेवत असाल, तर तो बहुतेक एनटीएफएसचा नसून एफएटी३२सारख्या दुसऱ्या पद्धतीचा असणार. त्यावर सिक्युरिटी टॅबच दिसत नाही, शोधत बसू नका.