पंप करून दूध टाकल्याने दारू उतरत नाही

म्हणजे प्रश्न असा: बाळ सात आठवड्यांचं, पूर्णपणे अंगावर पिणारं. शनिवारी घरी पार्टी आहे. तुम्ही दोन ग्लास वाइन घेणार, नवरा जास्त घेणार आणि कदाचित गांजाही ओढणार. नंतर एकदा पंप करून दूध टाकून दिलं की पाजायला हरकत नाही ना?

पंप करून काही साधत नाही. रक्तात जेवढी दारू, साधारण तेवढीच दुधात असते. रक्तातली उतरली की दुधातलीही आपोआप उतरते, कारण ती दोन्हीकडे ये-जा करत असते. आत्ता दूध काढून टाकलं आणि रक्तात दारू आहे, तर नवीन येणाऱ्या दुधातही ती येणारच. छाती गच्च होऊन दुखत असेल तर आराम पडावा म्हणून काढा आणि ते टाकून द्या, एवढाच त्याचा उपयोग. कॉफी, आंघोळ, भरपूर पाणी यांनीही वेग वाढत नाही.

आता वेळेचं गणित. एक ड्रिंक म्हणजे 14 ग्रॅम अल्कोहोल: 12 टक्क्यांची 150 मिली वाइन, 5 टक्क्यांची 355 मिली बिअर किंवा 40 टक्क्यांची 45 मिली व्हिस्की. दर ड्रिंकमागे किमान दोन तास सोडायचे. दुधात एका ड्रिंकची दारू दोन-तीन तास सापडते, दोनची चार-पाच तास, तीनची सहा ते आठ. लोक फसतात ते मापात. 60 मिलीचा पेग म्हणजे एक नव्हे, जवळजवळ दीड ड्रिंक. 8 टक्क्यांची 650 मिली बिअर म्हणजे जवळपास तीन. वाइनचा मोठा ग्लास काठोकाठ भरला तर त्यात सहज दोन मावतात, तेव्हा पहिला ग्लास मापून ओता. वजन कमी असेल तर वेळ आणखी लागतो, म्हणून मोजणी शेवटच्या घोटापासून केलेली बरी.

तुमच्या बाबतीत: पाहुणे यायच्या आधी पोटभर पाजा, मग ग्लास हातात घ्या, तोही जेवणासोबत. दोन ड्रिंक म्हणजे चार-पाच तास, आणि या वयात बाळ दोन-तीन तासांनी भूक लागून उठतं. मधलं एक पाजणं हुकणार हे धरूनच चाला. आधीच्या दोन-तीन दिवसांत थोडं थोडं काढून 90 ते 120 मिलीच्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये दूध चार दिवस टिकतं, बाहेर मात्र चारच तास. दारूने पान्हा उशिरा फुटतो आणि दूधही कमी येतं, म्हणून त्या रात्री बाळ किरकिरलं, छातीशी ओढाताण करू लागलं तर नवल नाही. 'बिअरने दूध वाढतं' ही समजूत सोडून द्या. एकूण हिशेबात ते घटतं.

हे सगळं बसवता येतं. एका ड्रिंकनंतर थांबून पाजलेल्या दुधाची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती झोपेची. दारू, गांजा, झोपेची गोळी, गुंगी आणणारं सर्दीचं औषध, यातलं काहीही घेतलेल्या माणसाने बाळाला शेजारी घेऊन झोपायचं नाही. बाळ साडेदोन किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा 37 आठवड्यांआधी जन्मलेलं असेल तर कुणीच नाही. सगळ्यात वाईट जागा सोफा आणि आरामखुर्ची. पाजता पाजता डोळा लागतो, बाळ कुशीतून सरकून गादी आणि अंग यांच्या फटीत जातं, हनुवटी छातीला टेकते, नाक दबतं. त्याला मान वळवता येत नाही, आणि नशेतल्या माणसाला जाग येत नाही. रडण्याचा आवाजही होत नाही.

म्हणून पहिला ग्लास भरण्याआधी ठरवा: सकाळपर्यंत एक थेंबही न घेणारा माणूस कोण? नवरा घेणार असेल तर तुम्ही घ्यायची नाही, किंवा न घेणारं तिसरं कुणी तरी घरात हवं. रात्रभर बाळ उचलणं, पाजणं, गाडी चालवणं त्याच्याकडे. बाळाची जागा वेगळी, त्याच खोलीत: सपाट, घट्ट गादी, पाठीवर झोपवलेलं, उशी-पांघरूण-खेळणी काही नाही. पावडरचं दूध लागणार असेल तर मोजून डब्यांत आधीच भरून ठेवा. झिंगलेल्या हाताने चमचे चुकतात, आणि फार पातळ दुधाने रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. सात आठवडे म्हणजे रडण्याचा कळस. डोकं फिरायला लागलं तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून दहा मिनिटं खोलीबाहेर जा. हलवायचं, गदागदा करायचं कधीच नाही.

गांजाला 'इतके तास थांबा' हा हिशेब लागू नाही. त्यातला टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, चरबीत साठतो आणि दुधात अनेक दिवस येत राहतो, म्हणून पाजत असाल तर घेऊ नका. नवऱ्याने ओढला तर घराबाहेर, कपडे बदलून आणि हात धुऊनच बाळाजवळ. सिगारेटचंही तेच, आई ओढत असेल तर पाजल्यानंतर ओढावी, आधी नाही. कोकेन किंवा मेथ (मेथॅम्फेटॅमिन, एक उत्तेजक नशा) घेतलं असेल तर ते दूध अजिबात नको. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळीही टाळा: काहींच्या शरीरात त्यांचं भराभर जास्त तीव्र द्रव्यात रूपांतर होतं आणि ते दुधातून बाळाला गुंगी आणतं.

एक उलटी सूचना. घरात कुणी रोज भरपूर पीत असेल किंवा झोपेच्या गोळ्यांवर असेल, तर बाळासाठी म्हणून एका रात्रीत सगळं बंद करू नका. दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, त्यानंतर भ्रम. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवायचं. अफू-हेरॉइनसारख्या व्यसनावरचे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार चालू असतील तर तेही स्वतःहून बंद नकोत; डोस स्थिर असेल तर सहसा पाजता येतं. औषधाची बाटली कुलपात ठेवा.

बाळ दूध प्यायलाही उठत नसेल, ओढण्यात जोर नसेल, अंग लुळं पडलं असेल, श्वास अडखळत किंवा ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा. काय घेतलं, किती, किती वाजता हे दारातच सांगा; ओपिऑइड (कोडीन, ट्रॅमाडॉल, मेथाडोन, हेरॉइन अशी अफूच्या जातीची द्रव्यं) असेल तर त्यावर उतारा आहे, पण डॉक्टरांना ते कळायला हवं.