तीन दिवसांचं सर्टिफिकेट आणि डोळ्यांजवळचं काम

चिपळूणच्या एका आईचं पत्र आलं आहे. लेक १९ वर्षांची, बारावी कॉमर्स झालेली. वर्षभर गावातल्याच पार्लरमध्ये मदतीला जाते. थ्रेडिंग, फेशियल चांगलं जमतं. आता तिला आयलॅश एक्स्टेन्शन, म्हणजे पापण्यांच्या केसांवर कृत्रिम केस (लॅश) चिकटवण्याचं काम, शिकायचं आहे. पुण्यातल्या एका अकॅडमीत ३ दिवसांचा कोर्स आहे, फी ३५,००० रुपये आणि शेवटी 'आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट'. वडिलांच्या मते हे पैसे पाण्यात. अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या डॅलसला राहणारी मावशी म्हणते, इकडे या कामाला खूप मागणी आहे, शिकू दे. जागा धरून ठेवायला ५,००० रुपये याच आठवड्यात भरायचे आहेत. आई विचारतात, भरू का?

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पैसे आत्ता भरू नका. पण लेकीला नाहीही म्हणू नका. तिने निवडलेलं काम खरं आहे, मेहनतीचं आहे आणि त्यात पोट भरतं. शंका घ्यायची ती त्या ३ दिवसांवर.

आपल्याकडे लॅश लावण्यासाठी वेगळं सरकारी लायसन्स नाही. त्यामुळे कुणीही अकॅडमी काढतं आणि कुणीही सर्टिफिकेट देतं. त्यावर 'आंतरराष्ट्रीय' छापायला कुणाला विचारावं लागत नाही. गिऱ्हाईक तर तो कागद बघतच नाही. ते बघतं की डोळे चुरचुरले का, आणि लॅश दोन-तीन आठवडे टिकल्या का.

आता काम काय असतं ते सांगते, म्हणजे वडिलांनाही अंदाज येईल. गिऱ्हाईक डोळे मिटून झोपलेलं असतं. खालच्या पापणीवर जेल पॅड चिकटवलेलं. एका हातातल्या चिमट्याने वरच्या पापणीचा एकच केस बाजूला धरायचा, दुसऱ्या हातातल्या चिमट्याने ०.१५ मिलिमीटर जाडीची कृत्रिम लॅश ग्लूमध्ये बुडवून त्या केसावर बसवायची, तीही कातडीपासून अर्धा ते एक मिलिमीटर अंतर सोडून. मग पुढचा केस. एका डोळ्याला अशा सत्तर-ऐंशी लॅश सहज लागतात. सरावलेल्या हाताला दोन तास लागतात, नवख्या मुलीला तीन-चार. दोन केस एकमेकांना चिकटले तर वाढीचा वेग वेगळा असल्यामुळे ते एकमेकांना ओढतात, दुखतं, आणि हे वारंवार झालं तर केस मुळापासून जातो. ही एक केस सुटा धरण्याची सवय ३ दिवसांत समजते, पण हातात बसत नाही.

ग्लूचं तर वेगळंच शास्त्र. तो सायनोअॅक्रिलेटचा असतो आणि हवेतल्या ओलाव्यानेच सुकतो. बहुतेक ग्लूंना ४५ ते ६० टक्के आर्द्रता मानवते. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत शिकून आलेली मुलगी जुलैत चिपळूणला काम करायला बसली, की लॅश केसापर्यंत नेईतोवर ग्लू वाळून जाणार आणि चार दिवसांत लॅश गळणार. मग वाटतं, मलाच जमत नाही. म्हणून एसी किंवा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा कमी करणारं यंत्र) आणि भिंतीवर आर्द्रता मोजणारा छोटा मीटर हे कोकणात आधी घ्यायचं. महागड्या चिमट्यांचा सेट नंतर.

अकॅडमीला फोन कराल तेव्हा विचारा: प्रत्यक्ष माणसांवर किती सेट (दोन्ही डोळ्यांचं पूर्ण काम) करायला मिळतील, की फक्त पुतळ्यावर? एका शिक्षिकेमागे किती मुली? पॅच टेस्ट (आधी थोडासा ग्लू लावून अॅलर्जी होते का ते बघणं), चिमट्यांचं निर्जंतुकीकरण, लाल झालेला किंवा सुजलेला डोळा दिसला तर काम नाकारणं, जेल रिमूव्हरने लॅश काढणं, हे शिकवता का? कोर्सनंतर महिन्याभराने केलेलं काम तपासून देता का? काढायला न शिकवता फक्त लावायला शिकवणाऱ्या ठिकाणी मी तर मुलीला पाठवणार नाही.

आता मावशींचं. टेक्सासमध्ये हे काम राज्याच्या लायसन्सशिवाय करता येत नाही. फक्त लॅशचं लायसन्स हवं असेल तरी तिथल्या मान्यताप्राप्त शाळेत ३२० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पुण्याचे ३ दिवस म्हणजे फार तर चोवीस तास. ते तिथे धरले जाणार नाहीत. शिवाय मावशीकडे व्हिजिटर व्हिसावर जाऊन कमाई करणं बेकायदा आहे. त्यामुळे डॅलस डोक्यात ठेवून हा कोर्स करू नये.

माझं मत विचाराल तर पाया आधी. आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजीचा, म्हणजे ब्यूटी पार्लरच्या कामाचा, एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास चालतं, आणि त्याचं राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर ग्राह्य धरलं जातं. सरकारी आयटीआयची फी खासगी अकॅडमीच्या तुलनेत किरकोळ असते. त्वचा, स्वच्छता, अॅलर्जी, गिऱ्हाइकाशी बोलणं हे सगळं त्यात येतं. जवळच्या कुठल्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे ते प्रवेशाच्या वेळी राज्याच्या पोर्टलवर दिसतं. वर्ष देणं शक्यच नसेल, तर निदान पार्लरचं काम चालू ठेवून लॅशचा असा कोर्स शोधा, ज्यात महिनाभर अधूनमधून सराव तपासला जातो.

तोवर घरी सराव करता येईल. पुतळ्याचं डोकं, सरावाच्या लॅशच्या पट्ट्या आणि दोन चिमटे एवढं सुरुवातीला पुरे. रोज तासभर, ग्लूशिवाय, नुसता एक केस सुटा धरायचा. यातून एक गोष्ट लवकर कळेल: तिची मान, पाठ आणि नजर हे झेपवतात का. चष्मा असेल तर नंबर तपासून घ्या. ग्लू वापरायला लागल्यावर मात्र खोलीत हवा खेळती हवी आणि तोंडाला मास्क हवा, कारण त्याची वाफ लावणाऱ्या मुलीलाही बाधते. काहींना महिनोन्महिने काम केल्यावर अॅलर्जी होते.

वाचलेल्या पैशांतून पुढे चांगला कोर्स, मीटर आणि ग्लू घेता येईल. स्वतःचं सुरू करायची वेळ आली की दुकानाची गुमास्ता नोंद ऑनलाइन होते, आणि मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकतं.

अकॅडमीवाल्यांना उद्या फोन करून फक्त एवढंच सांगा: "आधी मुलगी येऊन एक दिवस वर्ग बघेल, मग पैसे." होकार दिला तर लेकीसोबत तिच्या वडिलांनाही पाठवा. एक केस सुटा धरताना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघू देत.