पुरात नर्सचं काय काम? होडी कुठल्या दाराला लावायची ते सांगणं

तुम्ही विचारलंय, पूर-भूकंपात सार्वजनिक आरोग्य परिचारिका डॉक्टरांच्या हाताखाली राहण्यापलीकडे काय करतात, आणि त्यासाठी आपत्ती व्यवस्थापनाचा कोर्स करावा का. 'हाताखाली' वाचलं आणि आमचे भाऊजी आठवले, म्हणून लिहायला बसले.

मी शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावची परिचारिका होते. ऑगस्ट २०१९. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही चढत होत्या आणि गाव २००५ ची खूण दाखवत बसलं होतं, "त्याच्या वर येत नाही." जनावरं सोडून कुणी हलेना. मी आशाताईंना घेऊन एएनसी रजिस्टर, म्हणजे गरोदर बायांची नोंदवही उघडली. दिवस भरत आलेल्या, जोखमीच्या, ओल्या बाळंतिणी. मग इन्शुलिनवाले, टीबीच्या गोळ्या चालू असलेले, अंथरुणाला खिळलेले. रस्ता चालू होता तोवर यातले जमतील तेवढे हलवले. एका सासूनं मात्र "पहिलटकरीण हाय, अजून लई दिस हाईत" म्हणून सुनेला सोडलं नाही.

पाणी ती खूण ओलांडून गेलं, मग होड्या आल्या. भाऊजी सगळ्यांत पुढे. मला म्हणाले, "वहिनी, इथं पोहणारा माणूस पाहिजे, गोळ्या वाटणारा नव्हं." होडी कुठं जायची? माडीवरून जो मोठ्यानं ओरडेल त्याच्याकडे. ती पोर मागच्या गल्लीत, वरच्या खोलीत, कळा सुरू झालेल्या. ती कशी ओरडणार? यादीत नाव होतं म्हणून मी भांडून होडी तिकडे वळवली. दवाखान्यात पोचल्यावर मोकळी झाली.

पाणी ओसरल्यावरचं काम तर कुणाला दिसतच नाही. विहिरी-टाक्यांत टीसीएल (ब्लीचिंग पावडर), पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायला रोज ओटी टेस्ट, चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोसाठी, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस टाळायला, डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन) गोळ्या. शहरातून एका दिवसाची शिबिरं येतात, बॅनर लावतात, सरसकट गोळ्या वाटून जातात. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या पोराला डॉक्सी द्यायची नसते. मग घरोघर फिरून त्या परत कोण गोळा करणार? आम्हीच.

आता, कुठलं औषध कुणाला हे शेवटी डॉक्टरच ठरवतात, त्यात आपली हुशारी चालवू नये. आणि भूकंपाचं मला सांगता येणार नाही, तिथं रजिस्टर काढायला वेळच मिळत नाही.

कोर्स जरूर करा. पण गावात कोण कुठल्या खोलीत झोपतं हे कोर्समध्ये कळत नाही, ते दर महिन्याच्या गृहभेटीत कळतं. रजिस्टर टेबलावर बसून भरणाऱ्या बायांनी पुरात उपयोगी पडायची आशा करू नये.

भाऊजींनी २०२१ च्या पुरात होडी सोडण्याआधी यादी मागवली. स्वतः नाही आले, पोराला पाठवलं.