.३२ पिस्तुलाची काडतुसं घरी भरायला कोणती पावडर घ्यावी? (प्रश्न: इंदूर)

आधी स्पष्ट सांगते, घरी भरू नका. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं. तुमच्याकडचा पिस्तुलाचा परवाना काडतुसं बनवायला चालत नाही. अमेरिकेतले व्हिडिओ बघून इथे, राजवाड्याच्या मागच्या एखाद्या घरात, हा उद्योग मांडू नये ही मनापासून विनंती.

पावडरीचं गणित मात्र समजून घेण्यासारखं आहे. पिस्तुलाची नळी आखूड, गोळी क्षणात बाहेर पडते. म्हणून पावडर लवकर जळणारी लागते. रायफलची सावकाश जळणारी पावडर वापरली तर बरीचशी नळीत न जळता नळीच्या तोंडाशी भडका होऊन वाया जाते. पण लवकर जळणारी पावडर थोडीशीच लागते, त्यामुळे केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) अर्धीही भरत नाही. हाच धोका! चुकून दोनदा भरली तरी वरून कळत नाही आणि दाब इतका चढतो की पिस्तूल हातात फुटू शकतं. तिकडचे जाणते लोक म्हणूनच फुगीर पावडर निवडतात, दुप्पट पडली तर केसमधून सांडून लगेच दिसते.

काही निवडायचीच हौस असेल तर १० मीटर एअर पिस्तुलाकडे या. ४.५ मिमी छऱ्यांमध्येही डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा वेगवेगळा मिळतो. पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवा, प्रत्येक प्रकाराचे पाच-पाच छरे वेगवेगळ्या कागदांवर मारा आणि ज्याची भोकं एकमेकांत मिसळतील तोच डबा घ्या.