दांतेच्या नरकात 'पश्चात्तापदग्ध' कोण?

प्रश्न असा आलाय की दांते ह्या इटालियन कवीच्या 'इन्फर्नो'वर (त्याच्या 'डिव्हाइन कॉमेडी' महाकाव्याचा नरकावरचा पहिला भाग) मराठीत लेख लिहिताना "शिक्षा भोगणारे पश्चात्तापदग्ध आत्मे" असं लिहिलं तर चालेल का, की 'अनुतप्त' जास्त बरं दिसेल.

माझ्या मते दोन्ही नको. दग्ध म्हणाल तर ठीक, बरेच जण अक्षरशः भाजतायत (सगळे नाही हं, सगळ्यात खालचे तर बर्फात रुतलेत), पण पश्चात्तापाचा तिथे पत्ताच नाही. तिसऱ्या सर्गातच बघा, नदीकाठी जमलेले जीव काय करतायत तर देवाला, आईबापाला, अख्ख्या मानवजातीला, स्वतःच्या जन्माच्या जागेला नि वेळेला शिव्याशाप देतायत. ह्याला आपण तळतळाट म्हणू. आता तळतळाट असतो अन्याय झालेल्याचा, पण ह्या मंडळींचा आव अगदी तसाच आहे, म्हणून शब्द फिट बसतो.

चौदाव्या सर्गातला कपानेओ घ्या. ग्रीक पुराणकथेतल्या थीब्ज शहराला वेढा घालणाऱ्या सात राजांपैकी हा एक, वरून आगीचा पाऊस पडतोय आणि हा पडल्या पडल्या सांगतो की जिवंतपणी होतो तसाच मेल्यावरही आहे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ती म्हण ह्याच्याचसाठी केली असावी. व्हर्जिल, म्हणजे दांतेला नरकातून वाट दाखवणारा रोमन कवी, त्यावर जे सुनावतो ते महत्त्वाचं आहे, की तुझी ही मग्रुरी विझत नाही हीच तुझी खरी शिक्षा. म्हणजे शिक्षा बाहेरून येते आणि हे तिला प्रतिसाद देतात असं सरळ नाहीच, प्रतिसाद हाच शिक्षेचा भाग झालाय, आणि पश्चात्ताप म्हटलं की हे सगळं पुसलं जातं.

बाकीच्यांचे रंग वेगवेगळे आहेत म्हणून एकच विशेषण सगळ्यांना लावू नका. फारिनाता हा फ्लॉरेन्सचा राजकीय पुढारी जळत्या थडग्यातून कमरेपर्यंत ताठ उभा राहतो, आणि त्याला दुःख कशाचं, तर आपल्या पक्षाला फ्लॉरेन्समध्ये परतता आलं नाही ह्याचं, ते म्हणे ह्या शय्येपेक्षा जास्त छळतं. ही सल झाली. रागीट लोकांतला फिलिप्पो अर्जेंती चिडून स्वतःलाच चावतो, ती चडफड. वान्नी फुच्ची हा चोर दोन्ही मुठींतून अंगठे काढून देवाला अश्लील खूण करतो, तिथे 'ठेंगा दाखवला' लिहू नका प्लीज, ठेंगा फार बाळबोध होतो. सीझरचा घात करणारा ब्रूटस सैतानाच्या जबड्यात पिळवटतोय पण चकार शब्द काढत नाही. आणि फ्रान्चेस्का, दिरासोबत प्रेमकथेचं पुस्तक वाचता वाचता त्याच्यात गुंतलेली, जिच्यावर सगळे वाचक फिदा असतात, ती रडते जरूर, पण नीट ऐकलं तर दोष सगळा प्रेमाचा, मग त्या पुस्तकाचा, ते लिहिणाऱ्याचा. सुखाचे दिवस आठवून ती हळहळते, केलेल्या कृत्याबद्दल नाही.

खरी अडचण ग्विदो दा मोन्तेफेल्त्रोची. हा म्हातारपणी फ्रान्सिस्कन साधू झालेला सेनानी, पोप बोनिफास आठवा ह्याला कपटी सल्ला मागतो आणि पापाची माफी आधीच देऊन टाकतो. मेल्यावर संत फ्रान्सिस त्याला न्यायला येतात तर एक सैतान आडवा येतो, म्हणतो पाप करायची इच्छा आणि पश्चात्ताप एका वेळी शक्य नाही, आणि वर टोमणा, मी तर्कशास्त्री आहे हे तुझ्या ध्यानात आलं नसेल. मराठीत तर हे शब्दातच आहे, पश्चात् म्हणजे नंतर, ॲडव्हान्समध्ये होतो तो पश्चात्ताप कसला? ह्या ग्विदोला 'पस्तावला' म्हणा, ते चालेल, कारण आपण "पस्तावशील!" म्हणतो तेव्हा फळं भोगशील एवढंच म्हणायचं असतं, मन बदलेल असं नाही.

'अनुताप' तर ह्याहून जड शब्द, संतांनी वापरून वापरून त्याला पाप धुणारा अर्थ आलाय. तो जपून ठेवा आणि पुढच्या भागात, 'पुर्गातोरिओ'त वापरा, म्हणजे जिथे सुटलेले आत्मे डोंगर चढत पाप धुतात तिथे. तिथे ग्विदोचाच मुलगा बुओनकोन्ते भेटतो, 1289 च्या काम्पाल्दिनोच्या लढाईत मेलेला, आयुष्यभर काय केलं असेल ते असो पण मरताना मेरीचं नाव घेतलं आणि डोळ्यातून एक टिपूस आलं तेवढ्यावर सुटला. तिथेही एक सैतान चरफडतो की एवढ्याशा अश्रूपायी माझा माणूस नेला. बापाला पोपची माफी पुरली नाही आणि पोराला एक थेंब पुरला, हे दांतेनं मुद्दामच केलंय असं मला वाटतं. त्याच डोंगरावर अगदी वरच्या पायरीला लोक ज्वाळेत उभे राहून दांतेशी बोलतात आणि बोलताना आगीच्या बाहेर पाऊल पडू नये म्हणून जपतात. हे पश्चात्तापदग्ध, शब्दशः. मात्र त्याच डोंगरावर एक पायरी खाली दांतेचा मित्र फोरेसे दोनाती आहे, उपासानं हाडं वर आलेला, तो म्हणतो मी यातना म्हणतोय खरं पण सुख म्हणायला हवं, तेव्हा त्या भागात हे विशेषण वापरताना करुण सूर लावू नका.

आणि हो, पश्चात्ताप लिहिताना त ला त जोडा, मूळ प्रश्नात एकच त पडला होता, वर मी दुरुस्त करून घेतलाय.