अकाऊंट भाड्याने द्यायच्या आधी एवढं वाच

अरे, तुझा मेसेज वाचला. पासबुक, एटीएम कार्ड आणि बँकेला लिंक असलेलं सिम देऊन टाकायचं, बाकी काही करायचं नाही, येईल त्या रकमेवर कमिशन, असं तो टेलिग्रामवाला म्हणतोय ना? गेमिंगचं पेमेंट आहे म्हणे. मग त्याचं स्वतःचं खातं कुठं गेलं, एवढं विचार त्याला.

कसं चालतं सांगतो. कुठल्यातरी रिटायर्ड माणसाला खोटा पोलीस व्हिडिओ कॉलवर घाबरवतो, डिजिटल अरेस्ट म्हणतात ते (आपल्या कायद्यात असलं काही नाहीच मुळी), तो बिचारा एफडी मोडून पैसे पाठवतो ते तुझ्या खात्यात, तिथून काही मिनिटांत ते भलत्याच खात्यांत फुटतात, काही एटीएममधून निघतात, काही क्रिप्टोत जातात. कॉल करणारा सापडेल न सापडेल, पण केवायसी तुझी, आधार तुझं, फोटो तुझा, मग पोलीस आधी कुणाच्या दारात येणार? म्यूल म्हणतात अशा खातेवाल्याला. आणि कमिशन खाल्ल्यावर 'मला माहीत नव्हतं' कोण ऐकून घेणार!

आयटी ॲक्टचं ६६डी कलम लागलं तर ३ वर्षांपर्यंत तुरुंग, बीएनएसचं (म्हणजे भारतीय न्याय संहितेचं) फसवणुकीचं कलम ३१८(४) लागलं तर ७ वर्षांपर्यंत. खातं फ्रीज होतं ते वेगळंच, स्कॉलरशिप त्यातच अडकते.

नोकरी मिळत नाहीये हे मला दिसतंय, त्यावर लेक्चर नाही देत. पण हीच माणसं उद्या परदेशात डेटा एन्ट्रीचं काम आहे म्हणतील. थायलंडची नोकरी सांगून म्यानमारच्या म्यावाडीकडच्या स्कॅम सेंटरमध्ये नेलेली आपली पोरं मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावी लागली, ५०० च्या वर होती.

कार्ड-सिम आधीच देऊन बसला असशील तर आजच बँकेत जा, कार्ड आणि नेटबँकिंग ब्लॉक कर, लेखी अर्ज दे, पोच घे. सिमही बंद करून टाक. चॅट डिलीट करू नको, तुझी बाजू मांडायला तेच कामी येईल. आलेल्या पैशाला हात लावू नको, तो सांगेल त्या खात्यावर परतही पाठवू नको. मग वकील घेऊन सायबर पोलीस स्टेशनला आपणहून जायचं, नोटीस यायची वाट बघत बसायचं नाही. घरी सांगायला जीभ रेटत नसेल तर मला फोन कर, मी येतो, दोघं मिळून सांगू.